बेटम्यावरून मांडवगड: वाटेवरचे आणि गडावरचे खाणे

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागले की तिसाएक किलोमीटरवर बेटमा येते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या गावावरून पुढे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचे ठिकाण एकच असते: मांडू, म्हणजेच मांडवगड. विंध्याच्या कडेवरची ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंच आहे. महाबळेश्वरच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय इंदूरच साडेपाचशे मीटरवर वसलेले असल्यामुळे चढ असा फारसा जाणवत नाही. पण गडाची दक्षिण बाजू एकदम खालच्या निमाडच्या मैदानात कोसळते, ढग त्या कडेला अडतात आणि माळव्याला आपले हक्काचे थंड हवेचे ठिकाण मिळते. तिथे जाणारा माणूस महाल पाहायला निघालेला असतो हे खरे, पण माळव्यातला माणूस असेल तर खाण्याचा बेत आधी ठरलेला असतो.

सुरुवात बेटम्यातच होते, पोहे-जिलबीने. मराठी घरात पोहे कढईत परतून, झाकण ठेवून वाफ काढून होतात. माळव्यात ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत तासन् तास वाफेवर गरम राहतात. त्यात बडीशेप असते, साखरेचा हात सढळ असतो. वर बारीक शेव, कांदा, कधी डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत गरम जिलबी. गोड आणि तिखट एकाच घासात घेण्याची सवय नसलेला पुणेकर पहिल्यांदा बिचकतो, मग दुसरी प्लेट मागतो. बाजारात हे पोहे पहिल्यांदा विकले ते स्वातंत्र्यानंतर लगेचच रायगड जिल्ह्यातल्या निजामपूरहून आलेल्या एका जोशींनी, असे इंदुरात सांगतात. तिलक पथावरचे ‘प्रशांत’ उपाहारगृह त्यांचेच.

या कथेला बेटम्यात एक गमतीदार जोड मिळते. इथे परमार राजा भोजाचा इ.स. 1020 चा ताम्रपट सापडलेला आहे. कोकण जिंकल्याच्या आनंदात भोजाने एका ब्राह्मणाला गाव दान दिले, त्याचा हा दस्तऐवज. निजामपूरची गोष्ट खरी धरली, तर कोकणाने नऊशे वर्षांनी पोह्यांच्या परातीतून या पराभवाची फेड केली म्हणायची!

ज्याला टपरीवर खायचे नसेल त्याने बेटमा साहिब गुरुद्वाराकडे वळावे. आपल्या उदासींमध्ये, म्हणजे दूरच्या यात्रांमध्ये, गुरू नानक इथे आले होते अशी शीख परंपरा आहे. लंगरात पंगतीला बसणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नाही. डाळ, रोटी, भाजी एवढाच बेत असतो, आणि तो पुरतो.

पुढे घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडायची. जानापावाच्या डोंगरात उगम पावून आलेली ही नदी इथे अजून लहान आहे. मग नालछा आणि गडाच्या तोंडाशी काकडाखोह. पावसाळ्यात या खोल दरीत धबधबा कोसळतो आणि काठावर कोळशाच्या शेगड्यांवर कणसे भाजली जातात. लिंबू, मीठ, तिखट लावलेले हे कणीस म्हणजे मांडूचा पहिला घास. याच मक्याचा घरगुती प्रकार म्हणजे भुट्टे का कीस: कोवळी कणसे किसायची, तूप-मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायची आणि दूध घालून शिजवायची.

गडावर बसून जेवायचे तर पर्याय मोजके आहेत. सागर तलावाच्या काठी राज्य पर्यटनाचे मालवा रिसॉर्ट आहे, तिथे जेवणापेक्षा पाण्याकाठच्या जागेचे मोल जास्त. मुख्य रस्त्यावर ‘शिवानी’सारखी साधी शाकाहारी हॉटेले आहेत. पनीरच्या भाज्या सगळीकडे मिळतात, पण त्या इंदुरातही मिळतात. मागायचे ते दाल-बाफले. जाडसर कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि फोडून तुपात बुडवतात. खानदेशातल्या वरण-बट्टीशी नाते सांगणारे हे जेवण आहे. दोनाच्या वर बाफले खाऊन कुणी जहाजमहालाचे जिने चढायला जाऊ नये.

जहाजमहाल ज्याच्या नावाशी जोडला जातो, त्या गियासुद्दीन शाहची गोष्ट मात्र वेगळ्याच थाळीची आहे. 1469 ते 1500 या काळात माळव्यावर राज्य करणाऱ्या या सुलतानाला लढाईपेक्षा स्वयंपाकघरात अधिक रस होता. त्याच्या दरबारात ‘निअमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र फारसी ग्रंथ लिहायला घेतला गेला आणि मुलगा नासिरुद्दीनच्या काळात पुरा झाला. त्यात समोसे आहेत, खिचडी आहे, सरबते आहेत, विडा कसा लावावा तेही आहे. चित्रांत मिशाळ सुलतान स्वयंपाक करणाऱ्यांवर जातीने लक्ष ठेवून बसलेला दिसतो. त्या समोशात बटाटा नाही आणि मिरचीही नाही, कारण दोन्ही तेव्हा हिंदुस्थानात आलेलीच नव्हती. हा ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातला एखादा पदार्थ चाखायची सोय मांडूत होऊ नये, ही पर्यटन खात्याने मनावर घ्यावी अशी गोष्ट आहे.

राजाचे जेवण असे परदेशी गेले आणि परदेशातून आलेले इथे रुजले. ज्या मक्याला सगळे इथला म्हणतात तो मूळचा अमेरिकेचा, सुलतानांनंतर आलेला. गडावर जागोजागी उभी असलेली, पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंचेची झाडे मूळची आफ्रिकेतली. त्यांची करड्या, लवदार कवचाची फळे रस्त्याकडेला ‘मांडू की इमली’ म्हणून विकतात. आत पांढरट, कोरडा, आंबट-गोड गर असतो. तो तसाच चोखावा किंवा पाण्यात कालवून साखर-मीठ घालून प्यावा. उन्हात फिरून आलेल्याला गडावर याहून चांगले पेय नाही.

पाणी हा मांडूचा जुना प्रश्न. डोंगरमाथ्यावर नदी नाही, म्हणून मुंज, कपूर आणि सागर हे तलाव, चंपा बावडी, उजाली बावडी असा सगळा खटाटोप करावा लागला. 1617 मध्ये जहांगीर इथे मुक्कामाला असताना इंग्रज वकील टॉमस रो याने पाण्याच्या टंचाईबद्दल लिहून ठेवले आहे. आजही उन्हाळ्यात मांडू रखरखीत असते. म्हणून खायला यायचे ते पावसाळ्यापासून पुढे: जुलै ते सप्टेंबर कणसाचे दिवस, दिवाळीच्या आगेमागे सीताफळांच्या टोपल्या.

गडावरचा सर्वात चांगला पदार्थ मेनूकार्डावर क्वचितच छापलेला असतो. तो म्हणजे दाल-पानिये, आसपासच्या भिल्ल गावांचे जेवण. मक्याचे पीठ मीठ घालून मळतात, पळसाच्या दोन पानांमध्ये थापतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. पाने करपतात, त्यांच्या शिरांचे ठसे पानियावर उमटतात आणि धुराचा वास आत मुरतो. सोबत डाळ, लसणाची चटणी, तूप. आर धरायला वेळ लागतो, त्यामुळे ऐनवेळी मागून मिळत नाहीत. गडाच्या दक्षिण कडेवरच्या रूपमतीच्या मंडपाकडे निघण्याआधी सांगून ठेवावे. वरून निमाडचे मैदान पाहून आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ शोधून परत येईपर्यंत ताट तयार होते.