तारीख नेमकी कशाची?

जानेवारी २००२मध्ये खंबातच्या आखातातून आलेल्या एका बातमीने देशभर खळबळ उडवली. समुद्रतळावर मिळालेल्या लाकडाच्या तुकड्याचे वय कार्बन पद्धतीने सुमारे ९,५०० वर्षे निघाले आणि तेवढ्या आधारावर तिथे हडप्पा संस्कृतीपेक्षाही कितीतरी जुने शहर बुडालेले आहे, असे सांगितले गेले. लाकूड तेवढे जुने असेलही. पण ते कोणा घराच्या जमिनीतून किंवा चुलीतून निघालेले नव्हते. समुद्राचा तळ खरवडून वर आणलेल्या गाळात ते होते. या आखातात नर्मदा, तापी, मही आणि साबरमती आपला गाळ ओततात आणि तिथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत जोरदार भरती-ओहोटींपैकी आहे. त्यामुळे ते लाकूड कुठूनही वाहत आलेले असू शकते. प्रयोगशाळेने सांगितले ते एवढेच, की ते झाड साधारण कधी जिवंत होते. शहराचे वय त्यातून निघत नाही. पुरातत्त्वातल्या वैज्ञानिक पद्धतींविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. यंत्रातून आलेला आकडा हाच इतिहास, असे आपण धरून चालतो. वास्तविक तो आकडा एका नमुन्याचा असतो. तो नमुना कोणत्या थरातून, कशाच्या सोबतीने निघाला याची नोंद असेल तरच त्याला अर्थ येतो.

पहिला गैरसमज असा, की कार्बन पद्धतीने कशाचेही वय काढता येते. शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली आणि १९६० साली त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवंत वनस्पती आणि प्राणी हवेतून, अन्नातून कार्बन घेत असतात. त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प प्रमाणात असतो. जीव गेला की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. म्हणजे मोजमाप होते ते मरणानंतरच्या काळाचे आणि तेही कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूच्या बाबतीत: कोळसा, धान्य, हाड, लाकूड, कापड. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही. वेरूळच्या कैलास लेण्याची ‘कार्बन डेटिंग’ होत नाही म्हणून ते कोणी घडवले हे गूढ आहे, असे दावे सर्रास फिरतात. बेसाल्टच्या कड्याला कार्बन पद्धत लागूच पडत नाही, त्यात गूढ काही नाही. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले, हे आपल्याला शिल्पशैली आणि ताम्रपटातला उल्लेख यांवरून कळते. विज्ञान तिथे वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देते. वेरूळच्या भिंतींवरच्या मातीच्या गिलाव्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नव्हते. वेरूळचा गिलावा किडीपासून का बचावला, याचा एक संभाव्य खुलासा त्या तंतूंतून मिळाला.

दुसरा गैरसमज अचूकतेचा. बातमीत ‘इतकी वर्षे जुने’ असा एकच आकडा येतो, पण प्रयोगशाळेच्या अहवालात तो कधीच एकटा नसतो. त्यासोबत अधिक-उणे अशी मर्यादा असते. शिवाय हवेतले कार्बन-१४चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते, म्हणून वृक्षवलयांच्या साहाय्याने तयार केलेल्या आलेखावर मोजमाप ताडून पाहावे लागते. हा आलेख काही काळांत जवळजवळ सपाट होतो. इ.स.पू. ८०० ते ४०० हा त्यातला सर्वांत त्रासदायक टप्पा. या चारशे वर्षांतली कोणतीही वस्तू घ्या, कार्बनचे उत्तर साधारण तेच येते. विदर्भातल्या नायकुंड, माहुरझरी यांसारख्या स्थळांचे लोहयुग नेमके या टप्प्यात अडकते. तिथे प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा खापरांचा क्रम आणि थरांचा क्रम जास्त उपयोगी पडतो.

मग या पद्धतीत एवढी अनिश्चितता असेल, तर तिच्यावर विश्वास का ठेवायचा? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. लिबींनी सुरुवातीलाच ज्यांचे वय इतिहासातून ठाऊक होते अशा इजिप्तमधल्या थडग्यांतील लाकडांवर आपली पद्धत तपासून पाहिली होती. तिच्या चुका सापडल्या त्या वैज्ञानिकांनाच आणि दुरुस्तीही त्यांनीच केली. त्रुटीची मर्यादा आकड्यासोबत छापून देणारे मोजमाप हे न देणाऱ्या दाव्यापेक्षा अधिक भरवशाचे असते. आणि एका आकड्यावर विसंबायचे कारणच नसते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० असा तिथल्या वस्तीचा काळ ठरला, तो निरनिराळ्या थरांतल्या कार्बन तारखा एकमेकींशी आणि खापरांच्या क्रमाशी पडताळून. जळालेल्या दाण्यांवरून कळले की ते शेतकरी मुख्यतः जव पिकवत होते. मधल्या टप्प्यातली चौकोनी घरे शेवटच्या टप्प्यात गोल झोपड्यांना जागा देतात. ढवळीकरांनी याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जोडला. तो अर्थ वादाचा असू शकतो. पण वाद घालता येतो, कारण कोणती वस्तू कुठे होती हे लिहून ठेवलेले आहे.

या लिहून ठेवण्याला फारसे कोणी विज्ञान म्हणत नाही आणि ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. कोळशाचा नमुना कसा घेतात ते पाहा. खड्ड्याची उभी बाजू खरवडून स्वच्छ करतात आणि मातीचा रंग, पोत, राखेचा पट्टा यांवरून थर ओळखतात. वरच्या थरातून कोणी खालपर्यंत खड्डा खणला होता का, उंदरा-घुशीचे बीळ आहे का, हे तपासतात. दख्खनच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगांतून वरच्या काळातला कोळसा किंवा मणी हातभर खाली जाऊ शकतो. कोळसा उघड्या हाताने न उचलता चिमट्याने किंवा करणीच्या टोकाने उचलतात, फॉइलमध्ये गुंडाळतात आणि खोली, थर, घराचा क्रमांक लगेच टिपतात. यातले काही चुकले तर जगातली सर्वांत महागडी यंत्रणाही चुकीच्या वस्तूचे बरोबर वय सांगेल. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया नव्या घराला वापरायची रीत आपल्याकडे आहेच. अशी तुळई जळाली तर तिचा कोळसा घराचे वय शे-दीडशे वर्षांनी मागे नेतो. म्हणून अनुभवी संशोधक तुळईपेक्षा जळालेल्या दाण्याला पसंती देतात, कारण दाणा पिकला आणि जळाला यांत फार तर एक-दोन हंगाम गेलेले असतात.

दगडी हत्यारांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर आदिमानवाची हत्यारे मिळाली. राखेच्या एका तपासणीत वय सुमारे १४ लाख वर्षे आले, तर दुसरीत ६ लाख ७० हजार. काही अभ्यासकांनी राखेची रासायनिक घडण सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळवली. ‘विज्ञानच ठाम सांगत नाही’ असे यावर म्हणणे सोपे आहे. मात्र या तिन्ही आकड्यांमागे तपासता येतील अशी कारणे आहेत. राखेत परिसरातल्या जुन्या बेसाल्टचे कण मिसळले तर वय मागे जाते. नदीने राख दुसरीकडून आणून टाकली असेल, तर हत्यारांशी तिचा संबंधच बदलतो. पुन्हा तोच प्रश्न: तारीख राखेची की हत्यारांची?

डीएनएबाबतही हीच सावधगिरी हवी. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळावरच्या ६१ नमुन्यांपैकी पुरेसा डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीचा. २०१९ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्याच शोधनिबंधातून परस्परविरोधी मथळे छापून आले. उष्ण हवामानात हाडांतला डीएनए सहसा टिकत नाही, म्हणून एक नमुना मिळणे हीही मोठी गोष्टच होती. पण एका व्यक्तीवरून सबंध संस्कृतीच्या लोकांविषयी अखेरचा निवाडा करता येत नाही.

महाराष्ट्रात कितीतरी गावांलगत पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडे आहेत आणि त्यांची माती घरासाठी, शेतासाठी अजूनही उपसली जाते. खापरे, मणी, हाडे तिथे दिसली तर ती उचलून घरी आणू नका. वस्तू जागच्या जागी राहू द्या, फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. एकदा उपसलेला थर कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा लावता येत नाही.