शेवळं घ्या, पण काकडं विसरू नका!
पाऊस सुरू झाला की ठाणे, कल्याण, पालघरच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. आमच्या सोसायटीतली तरुण जोडपी मुलांसाठी महागडी ब्रोकोली आणतात, टाकळ्यासारख्या रानभाजीकडे मात्र ढुंकूनही बघत नाहीत. म्हणे, निवडायला वेळ कुठाय! अहो, कोवळा पाला खुडायचा, लसणाची फोडणी, वरून ओलं खोबरं, झाली भाजी.

शेवळं हीही रानभाजीच, पण त्यांचं तसं नाही. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. आतला पिवळा भाग काढून टाका, बाकीचं बारीक चिरून नीट शिजवा आणि काकडांचा, म्हणजे त्या छोट्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालाच. काकडं बहुधा त्याच टोपलीत मिळतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत शेवळं खिम्यात किंवा कोलंबीत पडतात. नाक मुरडणाऱ्या पोरांसाठी मी तरी तिथूनच सुरुवात करेन.