ट्रॅकवर सगळं माफ नसतं

कॉटन ग्रीनच्या पूर्वेला, गोदीतल्या गोदामांच्या बाजूने ईस्टर्न फ्रीवे जातो. 2013 साली तो खुला झाला आणि मुंबईला सिग्नल नसलेला 16.8 किलोमीटरचा रस्ता मिळाला. मध्यरात्रीनंतर तिथून जे आवाज कानावर येतात, ते सगळेच घरी जायची घाई असलेल्यांचे नसतात. अशा हौशी पोरांना वडीलधारे सांगतात, "हौस आहे ना, मग ट्रॅकवर जा." सल्ला योग्यच आहे. पण ट्रॅकबद्दलचे समज बरेचदा फ्रीवेवरच तयार झालेले असतात.

"रस्ता रिकामा होता, शर्यत थोडीच लावली होती?"

मोटार वाहन कायद्याचं कलम 189 रस्ता रिकामा की भरलेला हे विचारत नाही. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भाग घेणाऱ्याइतकाच शर्यत होऊ देणाराही यात सापडतो.

"ट्रॅक म्हणजे सुरक्षित जागा."

नुसतं डांबर कुणाला वाचवत नाही. 8 जानेवारी 2023 रोजी चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकवर के. ई. कुमार हे अनुभवी रेसर राष्ट्रीय स्पर्धेतल्या अपघातात गेले. तिथे स्पर्धेसाठी तयार केलेली गाडी होती, मार्शल होते, डॉक्टर होते. हौशी क्लबच्या ट्रॅक डेला, म्हणजे सभासद आपापली गाडी ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, गाड्या रोजच्या वापरातल्या असतात आणि चालवणाऱ्यांत कुणी दहा वर्षांचा मुरलेला, तर कुणी कालच आलेला असतो. म्हणून चांगला क्लब अनुभवानुसार गट पाडतो. पुढचा चालक हात दाखवून वाट देत नाही तोवर मागच्याला ओव्हरटेक करू देत नाही. सकाळी झेंड्यांचा वर्ग घेतो: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सत्र थांबलं. हा वर्ग चुकवणाऱ्याला पैसे परत देऊन घरी पाठवावं, असं माझं मत आहे.

"माझी गाडी रोज घाट चढते, तिला काय होतंय?"

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ट्रॅकवर हे एकेका फेरीत अनेकदा घडतं. ती सगळी उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 वर येते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला लागतं. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदात 28 मीटर जाते. विचार करायला तेवढाच वेळ. दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल बदलायला गॅरेजमध्ये फार खर्च येत नाही, तरी लोक आधी मोठा सायलेन्सर बसवतात.

मोटरसायकलचं हेल्मेट चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. काही क्लब चालवून घेतात. पण कार रेसिंगच्या हेल्मेटचं अस्तर आग सहन करणारं असतं, आणि ते गाडीतल्या लोखंडी पाइपवर आदळेल हे धरून तपासलेलं असतं.

"फुल इन्शुरन्स आहे."

पॉलिसीतली वापराच्या मर्यादांची ओळ वाचा. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात स्पष्टपणे वगळलेली असते. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असा वाद घालता येईल. पण तो क्लेम नाकारल्यानंतर, स्वतःच्या खर्चाने. चेन्नईहून मुंबईपर्यंतचे सुमारे 1,300 किलोमीटर मोडकी गाडी ट्रकवर चढवून आणण्याची तयारी ठेवूनच निघावं.

"हमीपत्रावर सही घेतली, आता क्लब मोकळा."

बहुतेक आयोजकांची खरी श्रद्धा या कागदावर असते. पण निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू होऊ शकतं, आणि सहीमुळे फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. अमेरिकेत तर हा कागद नुकसानभरपाईच्या दाव्यातही पुरा पडला नाही. जून 2005 मध्ये कॅलिफोर्निया स्पीडवेवर फेरारी मालकांच्या क्लबचा ट्रॅक डे होता. पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या बाजूच्या गल्लीतून, एक फेरारी हळू वेगात ट्रॅकवर आली. मागून येणारी पोर्शे करेरा जीटी तिला चुकवताना भिंतीवर आदळली. चालक आणि शेजारी बसलेला सोबती दोघेही गेले. सोबत्याने हमीपत्रावर सही केली होती, तरी त्याच्या पत्नीने दावा लावला. 2007 मध्ये सुमारे 45 लाख डॉलरची तडजोड झाली. जवळपास निम्मी रक्कम मृत चालकाच्या वारसा-मालमत्तेतून गेली आणि बाकीचा मोठा भाग ट्रॅक व आयोजकांकडून आला. फेरारीला ट्रॅकवर सोडण्याचा इशारा कुणी आणि कधी दिला, हाही त्या दाव्यातला मुद्दा होता. त्यामुळे क्लबची फी भरण्याआधी विचारून घ्यावं: पिटच्या तोंडाशी कोण उभं असणार आहे, आणि शेजारच्या सीटवर कुणाला बसू देणार आहात?