पडताना हात टेकला, आणि...

दिवाळी तोंडावर आली की घरोघर जळमटे निघतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, आणि आम्हां हाडांच्या डॉक्टरांकडे सुजलेली मनगटे येऊ लागतात. कुणी स्टुलावरून घसरलेले असते, कुणी अभ्यंगाच्या तेलाने निसरड्या झालेल्या न्हाणीघरात आपटलेले असते. हकिगती निरनिराळ्या, पण शेवट एकच: "डॉक्टर, पडताना हात टेकला हो!"

तोल गेला की डोके वाचवायला हात आपोआप पुढे धावतो आणि साऱ्या देहाचा भार तळव्यावरून मनगटावर येतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे. एक अंगठ्याच्या बाजूचे, दुसरे करंगळीच्या बाजूचे. पुढे मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४, अशी पंजाची २७ हाडे. यांतले कोणते मोडले हे ओळखणे वाटते तितके सोपे नसते.

"बोटे हलताहेत ना? मग मोडलेले नाही!" हे शेजारणीचे निदान आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते साफ खोटे आहे. बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. हाड मोडले तरी दोऱ्या शाबूत असतील तर बोटे हलणारच. त्यापेक्षा पाहा की सूज किती झपाट्याने चढते, हाताचा आकार बदलला आहे का, आणि एका ठराविक जागी बोट टेकवताच माणूस कळवळतो का.

पन्नाशी उलटलेल्या बायकांत हमखास मोडते ते अंगठ्याकडचे हाड, मनगटाच्या जरा वर. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली या मोडीचे वर्णन लिहिले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली! म्हणजे त्यांच्यापाशी होते ते नुसते डोळे आणि बोटे. असा हात बाजूने पाहिला तर जेवणाच्या टेबलावर पालथ्या ठेवलेल्या काट्यासारखा दिसतो, आणि आम्ही आजही त्याला तसेच म्हणतो.

आता फोटो काढता येतो. पण तोही नीट काढावा लागतो. "दुखते हाताच्या मध्यावर आणि फोटो कोपराचा कशाला? बिल वाढवायला?" असे मला कितीतरी जणांनी तोंडावर विचारले आहे. कारण असे, की करंगळीकडचे हाड मोडते तेव्हा कधी कधी दुसऱ्या हाडाचे डोके कोपरापाशी सांध्यातून निसटलेले असते. मोड दिसली म्हणून समाधान मानावे, तर निखळलेला सांधा तसाच राहतो आणि हात जन्माचा अधू होतो. म्हणून मनगट आणि कोपर दोन्ही फोटोत हवीत.

आणखी एक लबाड हाड आहे. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी एक खळगी पडते. जुन्या मंडळींना ती चांगली ठाऊक. तपकीर ठेवायची हीच जागा! वैद्यकातही तिला तपकिरीची डबी हेच नाव आहे. तिच्या तळाशी नावेच्या आकाराचे एक हाड असते. तरुण मुलगा क्रिकेट खेळताना पडतो, मनगट जरासे सुजते, फोटोत काही दिसत नाही. घरचे म्हणतात, मुरगळले असेल. पण त्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल तर मी पट्टी बांधतोच, आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतो किंवा एमआरआय करून घेतो. या हाडाला रक्त उलट्या टोकाकडून मिळते. वेळेवर आधार मिळाला नाही तर अलीकडचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड सांधतच नाही.

उपचाराचे म्हणाल तर तत्त्व जुनेच: हाड जागेवर आणायचे आणि सांधेपर्यंत तिथेच ठेवायचे. लहान मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे. वाकते, एका अंगाने चिरते, आणि बहुधा प्लॅस्टरवरच भागते. मोठ्यांच्या मनगटाला साधारण ६ आठवडे, बोटाला ३-४ आठवडे, त्या नावेसारख्या हाडाला ८ ते १२ आठवडे. मात्र मोठ्या माणसाची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली तर बहुतेक वेळा पट्ट्या आणि स्क्रू बसवावे लागतात. तीर्थ घ्यायला तळवा उताणा व्हावा लागतो आणि पोळी लाटायला पालथा. एक हाड दुसऱ्याभोवती फिरते म्हणून हे जमते. जरा बाक राहिला की ते फिरणे अडते.

आता जे सांगतो ते कृपा करून घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा मध्यरात्री माझ्याकडे आणला. दुपारी सायकलवरून पडला होता. एका हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात करकचून आवळला होता. मुलगा संध्याकाळपासून रडत होता. आजी म्हणत होती, "हाड मोडले की दुखायचेच, बांधलेले सोडू नये." शेवटी बोटे पांढरी पडलेली पाहून त्याच्या आईने कोणालाही न विचारता कात्री घेतली आणि पट्टा कापला. त्याच रात्री आम्ही स्नायूंवरचे आवरण उघडून आतला ताण मोकळा केला. आज तो मुलगा त्याच हाताने लिहितो. आईने सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर पंजा वाळक्या पानासारखा आखडला असता. रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली हे लिहून ठेवले आहे.

आणि हे केवळ हाडवैद्याच्या पट्टीनेच होते असे नाही. इस्पितळात घातलेल्या प्लॅस्टरखालीही सूज वाढू शकते. नीट बांधलेला हात हळूहळू कमी दुखायला हवा. दुखणे वाढत चालले, बोटे सरळ करताना जीव जातो, मुंग्या येतात, बोटे गार, पांढरी किंवा निळी पडतात. यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांचाच अवधी असतो.

पहिल्या घटकेला काय करावे? अंगठी आणि बांगड्या लगेच काढा; सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. बांगडी निघत नसेल तर ती वाढवावी, शकुन-अपशकुन पाहू नये. घडी घातलेले वर्तमानपत्र हाताखाली ठेवून ओढणीने हात गळ्यात बांधा. तेल लावून चोळू नका, ओढू नका. प्लॅस्टर घातल्यावर हात उशीवर उंच ठेवा आणि मोकळी बोटे दर तासाला हलवा. हाड सांधूनही आखडलेली बोटे ही बहुतेकदा स्वस्थ बसण्याची शिक्षा असते.

शेवटी माझ्या वाचक भगिनींना एक विनंती. पन्नाशीनंतर नुसत्या पडण्याने मनगट मोडले, तर प्लॅस्टर निघाले की विषय संपला असे समजू नका. हाडे ठिसूळ होऊ लागल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि पुढची पाळी कमरेच्या खुब्याची असते. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. दूध, नाचणी, उन्हातली फेरी यांची हयगय करू नका आणि लागले तर औषध घ्या. घरातल्या साऱ्यांची दुखणी काढणारा हात आहे तो. त्याच्या दुखण्याकडेही कुणीतरी पाहिले पाहिजे.