कमी उजेडात पाणपक्ष्यांचे फोटो धूसर का येतात?

हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित म्हणजेच फ्लेमिंगो पाहायला गर्दी होते. पक्ष्यांची लगबग सकाळी लवकर आणि दिवस कलताना जास्त असते. नेमका तेव्हाच उजेड कमी असतो. त्यामुळे चांगला कॅमेरा असूनही अनेकांच्या हाती धूसर फोटो येतात. असं का होतं?

उजेडाचं गणित

फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शटर किती वेळ उघडं राहतं, लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर किती मोठं आहे आणि आयएसओ किती ठेवला आहे.

उडत्या पक्ष्याचे पंख स्पष्ट हवे असतील तर शटर साधारण १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं. ते १/२५० वर आणलं तर चौपट उजेड मिळतो, पण पंख पुसट होतात. अ‍ॅपर्चर एफ/५.६ ऐवजी एफ/४ ठेवलं तर उजेड दुप्पट होतो. मात्र अशा लांब पल्ल्याच्या लेन्स जड आणि महाग असतात. उरतो आयएसओ. तो ८०० वरून ३२०० केला की तेवढ्याच उजेडात शटर चौपट वेगवान ठेवता येतं. बदल्यात फोटोत दाणे दिसतात.

दाणे परवडले

दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात. हललेल्या फोटोतला तपशील मात्र सहसा परत मिळत नाही. म्हणून आयएसओ वाढवायला कचरू नये.

होडीत ट्रायपॉडचा फारसा उपयोग नसतो, कारण होडीच डोलते. लेन्समधली स्थिर ठेवणारी यंत्रणा हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल नाही. माशाची वाट पाहत निश्चल उभा असलेला बगळा काठावरून टेकू घेऊन १/१२५ वरही टिपता येतो. सलग चार-पाच फोटो घेतले तर त्यातला एखादा तरी स्पष्ट निघतो.

गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याबाबत कॅमेरा फसतो. काळोख पाहून तो फोटो जास्त उजळ करतो आणि पिसांचा तपशील जातो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं कमी करावं.

जवळ जाण्याचा मोह

उजेड कमी असला की होडी आणखी पुढे न्यायचा आग्रह होतो. पण अंतर घटल्याने उजेड वाढत नाही. थवा मात्र उडतो. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून, गाळून खातात. वारंवार उडावं लागलं तर खाण्याचा वेळ आणि ताकद दोन्ही वाया जातात. खाणारे पक्षी माना वर करून एका दिशेने चालू लागले, की होडी तिथेच थांबवावी.

तेवढ्या अंतरावरून पक्षी लहान दिसला तरी पाण्यातलं प्रतिबिंब, धुकं आणि तांबूस आभाळ फोटोत येतं. आणि थवा तिथेच चरत राहतो.