रुतलेले नख

पायाच्या अंगठ्याचे नख कोपऱ्यात गोलाकार कापण्याची सवय आणि बोटे आवळणारे पादत्राण यांच्या संयोगाने नखाची कड शेजारच्या मांसात रुतते, तेथे सूज येऊन पू धरतो, आणि कोमट मिठाच्या पाण्याचे शेक व इतर इलाज निष्फळ ठरले म्हणजे शल्यवैद्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तेथील शस्त्रक्रियेत खरी वेदना काय ती भुलीच्या सुईची. १९४३ साली स्वीडनमध्ये सिद्ध झालेले लिग्नोकेन हे भुलीचे औषध अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंस टोचले, की काही मिनिटांत तो बधिर होतो, आणि मग रक्तप्रवाह रोखण्यासाठी बुडाशी रबरी पट्टा आवळून, संपूर्ण नख न उपटता, केवळ रुतलेली उभी पट्टी मुळापासून काढतात. ती पुन्हा उगवू नये म्हणून, जेथून नख जन्म घेते तेथील तेवढाच भाग फिनॉलने जाळण्याची तजवीज मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावाचून तेच दुखणे पुष्कळदा परत उद्भवते. रोगी त्याच दिवशी घरी परततो. जखमेतून काही आठवडे पाणी झिरपते, त्याचे भय धरू नये. मधुमेहाच्या रोग्यांत पायाची संवेदना व रक्ताभिसरण पुष्कळदा मंदावलेले असते, म्हणून त्यांनी घरी नखात कात्री खुपसणे घातकच होय, आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या पायातील नाडी अगत्याने तपासली जाते.