अंगात रक्त कमी? औषधासाठी कर्ज काढू नका!

उसावर केवडा पडला की आपण लगेच ओळखतो. पान पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे पिकाला लोह कमी पडले. मग हिराकस आणून फवारायला आपण दोन दिवसही थांबत नाही. पण घरच्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला, घागर उचलताना तिला धाप लागली, तर ‘कामाचा शीण आहे’ म्हणून विषय मिटवतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, हाही बहुतेक वेळा लोहाच्याच कमतरतेचा रोग आहे. याला रक्तक्षय म्हणतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निंदणी-वेचणीला आलेल्या दर दोन बायांपैकी एक!

आता पैशाची गोष्ट. अशक्तपणा आला की लोक तालुक्याला जाऊन सलाईन लावून घेतात, टॉनिकच्या बाटल्या आणतात. त्यासाठी कधी दुकानदाराकडून उसनवारी, कधी बकरी विकायची. पण सलाईनने रक्त वाढत नाही. आणि ज्या गोळ्यांनी वाढते, त्या उपकेंद्रात फुकट मिळतात.

तेव्हा आधी रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली, इतर बायकांचे १२ च्या आणि पुरुषांचे १३ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. ७ च्या खाली गेले तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस मोफत मिळते. रक्त कमी असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्याला एक गोळी, लहानग्यांना पातळ औषध मिळते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर मातेची तपासणी, औषधे, गरज पडल्यास रक्त आणि गाडी हे सर्व मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळ्यांनाच उपचार मोफत झाले आहेत. बाहेरून औषध घ्यायचीच वेळ आली तर जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे स्वस्त पडते.

गोळी खाल्ल्यावर शौचाला काळे होते, कधी मळमळते. त्याला घाबरून गोळ्या फेकू नका, जेवणानंतर घ्या. गोळीबरोबर चहा किंवा दूध नको, लिंबूपाणी चालेल. ताटात शेवग्याचा पाला, अळीव, मटकी, बाजरी असू द्या.

एक सावधगिरी. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलमुळेही रक्त कमी होते. त्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की गोळ्यांचा साठा संपल्याची तक्रार आली तर तोंडी न सांगता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. ग्राम आरोग्य, पोषण समितीची बैठक कागदावर न घेता खरोखर घ्यावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटा कुठे गेला, हे ग्रामसभेत सांगावे. गावात किती बायकांचे रक्त तपासले आणि किती जणींनी गोळ्या पुऱ्या केल्या, हे आशाताईंकडून समजून घ्यावे.

पिकाचा केवडा एका हंगामाचे नुकसान करतो. बाळंतपणात रक्त कमी पडले तर आई जाते आणि लेकरू पोरके होते. या आठवड्यात खताच्या पिशवीसाठी तालुक्याला जाल, तेव्हा वाटेत उपकेंद्रापाशी गाडी थांबवा. सोबत कारभारणीलाही न्या.